गाठीचे दोन हात

दाव्यावरून दोराचं माप काढू नये, असं सासूबाईंनी तिला घरात आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं. त्याच दमात आणखीही बरंच सांगितलं होतं. ओला वाख अंगणात ठेवून झोपू नये, चाक रिकामं फिरवू नये, ताणलेले पेड ओलांडू नयेत, चाकाच्या आकड्यांकडे पाठ करून गप्पा मारू नयेत. सून कॉलेजात शिकलेली होती आणि बीजगणितात तिचा हात कुणी धरत नसे. ती मान डोलवत राहिली आणि मनात म्हणाली, जे प्रमाण लहान दोरीला तेच मोठ्या दोरीला. दोरीला थोडंच कळतं आपण लहान की मोठी? तरी तिनं विचारलं, का नये? तर सासूबाई म्हणाल्या, माझ्या सासूबाई म्हणायच्या म्हणून. या कारणापुढे कॉलेज हात टेकतं. तिनं तो इशारा रिकाम्या चाकाच्या शेजारी नेऊन ठेवला आणि विसरून गेली.

घर दोर वळणाऱ्यांचं. घायपाताची पानं कापून आणायची, पाण्यात कुजत घालायची, झोडपायची, धुवायची आणि जो पांढरा वाख निघेल तो वाळवून विंचरायचा. वाखाची सुतळी, सुतळ्यांचे पेड, तीन पेड एकत्र पिळले की गुरं बांधायचं दावं. अंगणाच्या एका टोकाला लोखंडी आकड्यांचं चाक होतं. ते नवरा फिरवायचा, आणि सासरे कमरेला वाख गुंडाळून, तो बोटांतून सोडत सोडत, चाकाकडे तोंड करून मागं मागं चालायचे. "आमच्या घराण्यात माणूस मागं गेल्याशिवाय पुढं जात नाही," असं ते नव्या माणसाला हमखास ऐकवायचे, आणि तो हसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे.

ती मात्र त्या चाकाला भ्यायची. तिची पोर, पिटुकली, रांगायला लागली तशी ती चाकाला, कुजवणीच्या टाक्याला, वाख विंचरायच्या खिळ्यांच्या फळीला, सगळ्यालाच भ्यायला लागली. पोर एका जागी रांगत असायची, हिचे डोळे घरभर रांगायचे. शेवटी सासऱ्यांनीच एक दिवस मऊ, बारीक सुतळीचं एक दावं वळलं. एक टोक पोरीच्या कमरेच्या फडक्याला, दुसरं झाडाच्या बुंध्याला. "गावाच्या गुरांना वळून देतो, नातीला काय म्हणून नाही?" पहिले दोन दिवस ती सारखी उठून पोरीची गाठ सैल करायची. तिसऱ्या दिवशी तिला पहिल्यांदा दोन्ही हातांनी काम करता आलं, आणि मग तिनं त्या दाव्याला नावं ठेवायचं सोडलं.

त्या वर्षी पाऊस उघडता उघडेना. छपराला धार लागली आणि निम्मा वाख काळा पडून उकिरड्यावर गेला. त्याच पुरात नदीवरचा नावेचा दोर तुटला. नाव त्या दोराला धरूनच या काठावरून त्या काठाला जायची. दोराशिवाय ओढ इतकी की नाव पाचोळ्यासारखी खाली वाहत जाईल. पलीकडे जाणारा वळशाचा रस्ता दरडीखाली गेलेला. म्हणजे दोर नाही तर पलीकडचं जग नाही.

आणि भिंगरीची परीक्षा पलीकडे होती.

भिंगरी म्हणजे नणंद. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव. बाकी सगळ्या विषयांत ती पास झाली होती, एकट्या गणितानं तिला धरून ठेवलं होतं. ते सुटलं की रुग्णसेवेच्या शाळेत जागा ठरलेली. नाही सुटलं तर ती जागा दुसरीला. या महिन्याच्या शेवटी फेरपरीक्षा होती. त्यानंतर एकदम पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षापर्यंत कोण कुणासाठी जागा धरून ठेवतं?

नावाडी सकाळीच आला. जाडजूड माणूस, बोलणं मात्र बारीक. नदीवर टाकायला दोर हवा होता, खांबापासून खांबापर्यंत दोनशे हात. सासऱ्यांनी डोकं खाजवलं. एवढा दोर त्यांच्या वडिलांनी वळला होता. त्यांनी स्वतः आयुष्यभर दावीच वळली. गाईचं दावं कसं करायचं ते डोळे मिटून सांगतील: नऊ हातांचे पेड घ्या, चार हातांचं दावं होतं. नवाला चार. खुंट्यापासून गळ्यापर्यंतचे चार. फास आणि गाठ त्यांच्या घरात कुणी मोजत नसे. गाठीचं मोजायचं नाही ही घराण्याची रीत होती, ते गिऱ्हाइकाला वर दिलेलं.

"मग सोपं आहे," सून म्हणाली. एका हातानं पिटुकली सावरत तिनं कोळशानं फरशीवर मांडलं. चाराला नऊ, म्हणजे एकाला सव्वादोन. दोनशेला साडेचारशे. गाठीबिठी त्यातच आल्या. "साडेचारशे हातांचे पेड लागतील, मामंजी."

सासरे कोठीत जाऊन उरलेल्या वाखाच्या गड्ड्या उचलून, हुंगून, दाबून आले. जाड पेड धरले तर साडेतीनशे हातांपुरता वाख निघेल म्हणाले. त्यापुढे आपली दाढी घालावी लागेल.

नावाड्यानं त्यांच्या दाढीकडे पाहिलं. तीही पुरणार नव्हती. तो म्हणाला, नावेची एक फळी बसवायची आहे, चार दिवसांचं काम, ती झाली की वरच्या अंगाच्या दोरवाल्यांकडे जातो. त्यांच्या हातात महिनाभर सवड नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. तो गेला. भिंगरीनं मोठ्यानं सांगून टाकलं, बरं झालं, सुटले एकदाची गणितातल्या त्या समचलनातून. आणि वाख आणते म्हणून कोठीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. सून मागून गेली तेव्हा ती गड्ड्यांवर पालथी पडलेली होती. वाखाचं कूस डोळ्यात गेलंय म्हणाली. दोन्ही डोळ्यांत एकदम गेलं असावं.

तरीही दुसऱ्या दिवसापासून सुनेनं तिला गणितं घालायला सुरुवात केली. तिला स्वस्थ बसता येत नसे हे एक. आणि आपणच कोळशानं त्या पोरीची वाट पुसली असं काहीतरी तिला टोचत होतं. हिशेब बरोबर होता, तरी टोचत होतं. हात कामात, तोंड गणितात. वाख विंचरता विंचरता ती सांगायची की समचलन म्हणजे दोन गोष्टी जोडीनं वाढतात, एक दुप्पट तर दुसरीही दुप्पट, एक निम्मी तर दुसरीही निम्मी. एकीला दुसरीनं भागलं की दर वेळी तोच आकडा येतो, तो स्थिरांक. आधी तो शोधायचा, मग बाकीचं त्याच्या मागं येतं.

भिंगरीचा राग गणितापेक्षा गणितातल्या माणसांवर होता. पाच मजूर एवढी भिंत बांधतात तर दहा मजूर केवढी? "म्हणजे सगळे मजूर सारखंच काम करतात? असे मजूर असतात कुठे, वहिनी? दादाला उभा कर त्यांच्यात एकदा."

चाकावरून दादा म्हणाला की त्याला ऐकू येतंय.

"तुझी भूक आणि आईचा राग, हे मात्र समचलन," भिंगरी म्हणाली. "निम्मी भूक कधी बघितली नाही, म्हणून स्थिरांक काढता आला नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे ओल्या वाखाची जुडी फेकली. अशा तऱ्हेनं शिक्षण चाललं. आणि हळूहळू पोरीच्या डोक्यात काहीतरी बसायला लागलं. आकडे तिच्या अंगावर यायचे थांबले.

मग पिटुकलीनं आपलं दावं चावून चावून कुरतडलं. नवं करायला हवं होतं. सुनेच्या डोक्यात आलं, हेच गणित घालावं. "वन्सं, हे तुमच्या मजुरांचं नाही, आपल्या घरचं आहे. नवाला चार. पिटुकलीला दोन हात मोकळं दावं हवं. पेड केवढे घ्यायचे?"

भिंगरीनं बोटावर बोट आपटलं. स्थिरांक सव्वादोन. दोन गुणिले सव्वादोन. "साडेचार," ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली. कुणी न सांगता, न अडखळता, एका दमात पहिलंच. सुनेला इतका आनंद झाला की तिनं लगेच साडेचार हातांचे पेड घ्यायला लावले. सासऱ्यांनी नुसतं "साडेचार?" एवढं विचारलं. मागचं दावं त्यांनी नजरेनंच वळलं होतं, मोजलं नव्हतं. पण नातीसाठी दोघी शिकलेल्यांनी हिशेब केला होता. त्यांनी पेड आकड्यांना लावले, नवऱ्यानं चाक फिरवलं, दावं पिळलं गेलं. एका टोकाला नेहमीसारखा फास, दुसऱ्या टोकाला नेहमीसारखी गाठ.

पिटुकलीला बांधलं. ती निघाली, आणि एक हातभर जाऊन थांबली. तिनं झाडाकडे पाहिलं. मग दाव्याकडे पाहिलं. मग खालचा ओठ बाहेर काढून असं भोकाड पसरलं की शेजारची कोंबडी छपरावर चढली. सासरे हसायला लागले ते बसूनच हसले. नवऱ्यानं चाक सोडलं. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, पोरीला झाडाशी कुस्ती खेळायला बांधलंय की काय.

हसली नाही ती भिंगरी. तिनं कोळसा भिरकावून दिला. "बघितलंस? नाहीच येत मला. एक हातभर दावं काढलं मी."

सुनेनं पोरीला कडेवर घेतलं आणि पुन्हा मांडलं. साडेचार. पुन्हा मांडलं. साडेचारच. हिशेबात कुठेही खोट नव्हती, आणि दावं समोर हातभर लोंबत होतं. तिनं पोरीला घट्ट धरलं, कारण हिशेब बरोबर असून दावं आखूड असेल तर चूक तिच्या पाठीमागं, तिला न दिसणाऱ्या जागी बसलेली होती. आणि न दिसणाऱ्या जागेची तिला चाकाहून जास्त भीती.

"सोडा ती गाठ," ती म्हणाली.

गाठ सोडली, फास सोडला, दावं जमिनीवर सरळ केलं. तीन हात भरलं. तिनं गोठ्यातून गाईचं दावं मागवलं; गाय नवऱ्यानं शिंगाला धरून उभी केली. तेही सोडून मोजलं. नऊ हातांच्या पेडांचं सहा हात. उरलं बकरीचं लांब दावं, जे सासूबाई मोजत नसत, दारापासून झाडापर्यंत पेड ताणून करत. दारापासून झाडापर्यंत पंधरा हात भरले. दावं खुंट्यापासून गळ्यापर्यंत आठ हात होतं, सोडलं तर दहा हात. भिंगरी आता गुडघ्यांवर बसली होती. साडेचाराला तीन, नवाला सहा, पंधराला दहा. तिनं तिन्ही भागाकार केले.

"दीड, दीड, दीड," ती म्हणाली. मग थांबली. "वहिनी, पिळात सारखंच जातंय गं. पण गाठ वाढतच नाही. पिटुकलीच्या दाव्यालाही दोन हात आणि बकरीच्या दाव्यालाही दोनच हात."

"म्हणून नवाला चार हे समचलनच नव्हतं," सून हळू म्हणाली. "स्थिरांक आहे का ते न बघताच आपण तो काढला."

सासूबाई कमरेवर हात ठेवून त्या तीन सोडलेल्या दोऱ्यांकडे बघत होत्या. "दाव्यावरून दोराचं माप काढू नये," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे होतं होय! मी आपली इतकी वर्षं अपशकुन म्हणून पाळत होते."

तेव्हा कुठे सुनेला फरशीवरचे ते साडेचारशे आठवले. तिनं पिटुकलीला सासूबाईंच्या हातात दिलं आणि भिरकावलेला कोळसा उचलला. चार चार हातांच्या हिशेबानं तिनं दोनशे हात नदी मोजली होती. म्हणजे एक दोर नव्हे, पन्नास दावी नदीवर टाकली होती, आणि प्रत्येकाला एक फास आणि एक गाठ! दोराला गाठी लागणार त्या दोनच, दोन काठांच्या खांबांना. खांब जाड, दहा दहा हात धरा. दोनशे वीस हात दोर. दीडपट पेड.

"तीनशे तीस," भिंगरी तिच्याआधी बोलली.

साडेतीनशेचा वाख कोठीत होता.

नवरा अनवाणीच पळाला. नावाडी फळी बसवून, गाठोडं बांधून निघायच्या बेतात होता. तो परत आला आणि दारातच उभा राहून सुनेला म्हणाला, मागल्या खेपेला साडेचारशे होते, आज तीनशे तीस. आणखी चार दिवस थांबलो तर नदीच आटली म्हणाल. तिचे कान तापले. पण तिनं खाली न बघता त्याला तिन्ही दोऱ्या दाखवल्या, आणि मोजायला लावलं. त्यानं मोजलं. मग सासऱ्यांकडे बघून म्हणाला, "पेड कधी लावताय?"

आता हिशेब बसला होता, पण तिचा जीव बसेना. मधेच धारेत दोर आखूड पडला तर? तिनं पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. सासऱ्यांनी ते दुरून पाहिलं आणि जवळ येऊन विचारलं, किती वाढवले म्हणजे तुला झोप लागेल? ती ओशाळून म्हणाली, दहा हात. "धर दहा," ते म्हणाले. "तीनशे चाळीस. तुझ्या काळजीचे दहा हात. ही काळजीही गाठीसारखीच, नदी केवढी का असेना, लागायची तेवढीच लागते."

अंगण पुरणार नव्हतं, म्हणून चाक गाडीवर घालून नदीकाठच्या वाटेवर नेलं. उघडीप होती, पण ढगांचा भरवसा नव्हता, ताडपत्री हाताशीच. पहाटेपासून विंचरणी चालायची. वाखाचं कूस नाकातोंडात, हातांना चिरा, चिरांवर तेलाचं बोट. भिंगरी कमरेला वाख गुंडाळून मागं मागं चालायची आणि चाकाशी बसलेली वहिनी तिला ओरडून गणित घालायची. येणारेजाणारे थांबून ऐकायचे. गुरं घेऊन जाणारी एक म्हातारी म्हणाली, मुलगी हुशार आहे पण उलटी चालते. सासऱ्यांनी तिला घराण्याचा विनोद ऐकवला आणि ती हसेपर्यंत सोडली नाही.

एका गणितात भिंगरी मधेच थांबली. दोर थांबला, चाक थांबलं.

"काय झालं?" नवरा ओरडला.

"समचलन आहे का ते बघतेय," ती तिकडून ओरडली. "भाडं सांगितलंय, पण गाडीत नुसतं बसायचे वेगळे घेतात. ही गाठ आहे, वहिनी. फसवतायत मला!"

सुनेनं डोळ्याला कोपर लावलं. घाम होता.

तिन्ही पेड तयार झाल्यावर पिळायचा दिवस आला. नवऱ्याच्या दंडांवर दोरासारख्याच शिरा उठल्या. तीन पेडांच्या मधे खाचांचा लाकडी ठोकळा धरून सासरे पुढं सरकत होते, आणि त्यांच्या मागं तीनाचा एक होत जात होता. सासूबाई ओल्या फडक्यानं तो चोळत, कुसं बसवत मागून येत होत्या. पिळाबरोबर दोर आखडत जायचा आणि पलीकडच्या टोकाची दगड घातलेली घसरगाडी आपोआप पुढं ओढली जायची. पिटुकली नव्या, सहा हातांच्या पेडांच्या दाव्यावर होती. भिंगरीनं पुन्हा हिशेब करून दोन अधिक दोन, चाराची दीडपट असे सहा काढले होते. तर त्या दाव्यावर ती दोन हात मनसोक्त फिरत होती.

नावाड्यानं आधी जरा वरच्या अंगानं पाण्यात उडी घेऊन, पोहत बारीक सुतळी पलीकडे नेली, मग तिला बांधून दोर ओढला. दोर पाण्यात बुडाला, जड झाला, वर आला. सून काठावर उभी राहून पलीकडे जाणाऱ्या दोराचे हात मोजत होती. पलीकडच्या खांबाला वेढे बसले. मग या काठाला नवरा आणि सासऱ्यांनी ताण घेत वेढे घातले, गाठ मारली. गाठीच्या पुढे दोर उरला, हात दोन हात नव्हे, चांगला सहा हातांच्या वर. "घे तुझी काळजी," सासरे म्हणाले आणि ते टोक त्यांनी तिच्या हातात दिलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी भिंगरी नावेत बसली. परीक्षा झाली की निकाल हाती पडेपर्यंत नावाड्याच्या बहिणीकडे राहायचं होतं. कडेला डबा, डब्याला सासूबाईंनी दहा वेळा बांधलेलं फडकं. सुनेनं पुन्हा सांगितलं, आधी समचलन आहे का ते तपासा. भिंगरी म्हणाली, "हो गं. आणि पेपर चांगला गेला तर येऊन दोर तीनदा ओढते. तू हात लावून बस." नाव दोराला धरून निघाली, धारेत थोडी वाकडी झाली, मग सरळ झाली, आणि पलीकडे एक लहानशी आकृती उतरून झाडांमागं गेली. तिथून इकडं ओरडलेलं पोचत नाही.

दुपारपासून सून त्या उरलेल्या टोकाला धरून खांबाशी बसली आहे. पिटुकली मांडीवर. दोर सारखा हलतोय. नाव आली की हलतो, गेली की हलतो, धारेत ओंडका अडकला की हलतो. मघाशी तीनदा हलला. मग चौथ्यांदाही हलला, आणि चौथ्याचं काही ठरलेलं नव्हतं. सासूबाई दोनदा बोलावून गेल्या. ती उठत नाही. नावेत चढणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते आहे, तेच तुम्हालाही सांगते: तुम्ही पलीकडे जाणार असाल, किंवा तिकडचेच असाल, तर शाळेच्या फाटकाशी जरा बघा. एक पोर असेल, एका जागी उभी राहत नसेल, हाताला चिरा असतील. पेपर कसा गेला ते विचारू नका, ती सांगेल तेव्हा सांगेल. तिनं डबा उघडला का, तेवढं बघा. आणि दोर तिनंच ओढला होता का, ते विचारून या.